विटा, वाळू आणि पाणी: शून्य ऊर्जा शीतकक्षाचे परीक्षण

काढणीनंतर फळे आणि भाजीपाला टिकवण्यासाठी शेतकऱ्याला जी साधने सुचवली जातात, त्यांत शून्य ऊर्जा शीतकक्षाचे, म्हणजे विजेशिवाय नुसत्या पाण्याच्या बाष्पीभवनाने माल गार ठेवणाऱ्या विटांच्या कक्षाचे, नाव हमखास असते. कृषी प्रदर्शनांत त्याची प्रतिकृती मांडलेली असते आणि विभागाच्या पुस्तिकांत त्याची आकृती छापलेली असते. मात्र एखाद्याच्या शेतावर तो बांधलेला आहे आणि बांधल्यानंतर काही वर्षांनीही रोजच्या वापरात आहे, असे चित्र क्वचित पाहायला मिळते. पुरंदर तालुक्याच्या कोरड्या भागात आमच्या शेतावर असा कक्ष आहे. भेंडी, मेथी, कोथिंबीर, टोमॅटो, सीताफळ आणि अंजीर असा वेगवेगळ्या स्वभावाचा माल मी त्यात सर्व हंगामांत ठेवून पाहिला आहे. माझे मत आधीच सांगतो. हा कक्ष शीतगृहाची जागा घेऊ शकत नाही आणि त्याच्याकडून तशी अपेक्षा ठेवणारा माणूस निराश होतो. तोडणी आणि बाजार यांच्या मधले जे दहा-पंधरा तास असतात, तेवढे तास माल सांभाळणे हे त्याचे खरे काम आहे, आणि कोरड्या हवेच्या प्रदेशात ते काम तो ज्या खर्चात करतो त्या खर्चात दुसरे कोणतेही साधन करत नाही.

नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत १९८०च्या दशकात एस. के. रॉय आणि डी. एस. खुर्दिया यांनी हा कक्ष विकसित केला. मूळ आराखडा अगदी साधा आहे. सपाट जागेवर १६५ सेंटिमीटर लांब आणि ११५ सेंटिमीटर रुंद असा विटांचा एक थर द्यायचा, त्यावर ६७.५ सेंटिमीटर उंचीची दुहेरी भिंत उभी करायची, दोन भिंतींमध्ये ७.५ सेंटिमीटरची पोकळी ठेवायची आणि ती पोकळी वाळूने भरून वाळू सतत ओली राखायची. वरून बांबूच्या चौकटीवर वाळलेले गवत बांधून केलेले झाकण ठेवायचे आणि सगळ्यावर उन्हापासून आडोसा म्हणून छप्पर घालायचे. एवढ्या कक्षात साधारण १०० किलो माल मावतो. विटा सुमारे ४०० लागतात. आम्ही बांधकाम मातीच्या गाऱ्यात केले, झाकणाला गवताऐवजी उसाचे पाचट आणि गोणपाट वापरले आणि वाळू भिजवण्यासाठी ठिबकची जुनी नळी पोकळीवर गोल फिरवून टाकीला जोडली. मजुरी धरून सगळा खर्च दहा हजार रुपयांच्या आत बसला. गवंड्याला एक गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा सांगावी लागते. कक्षाला आतून किंवा बाहेरून सिमेंटचा गिलावा करायचा नाही. काम देखणे व्हावे म्हणून गवंडी गिलाव्याचा आग्रह धरतो, परंतु विटेची छिद्रे बुजली की पाणी बाहेर पाझरत नाही, बाष्पीभवन थांबते आणि उरते ती नुसती दमट पेटी.

कक्षाचे काम कसे चालते हे समजून घेतल्याशिवाय त्याच्याकडून काय मागावे हे कळत नाही. उन्हाळ्यात माठातले पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने हा कक्ष गार राहतो. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते आणि ती भिंतीतून, वाळूतून व आतल्या हवेतून घेतली जाते. मात्र या थंडाव्याला एक पक्की मर्यादा आहे. तापमापकाच्या टोकाला ओले फडके गुंडाळून तो वाऱ्यात धरला असता जे तापमान दिसते, त्याच्या खाली हा कक्ष कधीही जाऊ शकत नाही. बाहेर ४० अंश सेल्सिअस तापमान आणि २० टक्के आर्द्रता असेल तर ही मर्यादा २२ ते २३ अंशांच्या आसपास येते. याउलट पावसाळ्यात बाहेर २८ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर मर्यादाच सुमारे २६ अंशांवर असते, म्हणजे कितीही पाणी ओतले तरी दोन अंशांपेक्षा जास्त फरक पडायचा नाही. माहितीपुस्तिकांत बाहेरच्यापेक्षा १७-१८ अंशांनी कमी तापमानाचा दावा वाचायला मिळतो. तो उत्तर भारतातल्या कडक, कोरड्या उन्हाळ्याला लागू पडतो. आमच्याकडे एप्रिलच्या दुपारी बाहेर ३८ अंश असताना आत टांगलेला तापमापक २६ अंशांच्या जवळपास असतो, आणि मी हा फरक पुरेसा मानतो.

पुरेसा मानण्याचे कारण असे की, भाजी खराब होण्यात तापमानाइतकाच वाटा कोरड्या हवेचा असतो आणि त्या बाबतीत हा कक्ष फार सरस ठरतो. आतली आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास राहते. तोडलेली भाजी श्वसन करत असते आणि पानांवाटे, सालीवाटे पाणी गमावत असते. मुळांकडून मिळणारे पाणी मात्र बंद झालेले असते. वजनाच्या पाच ते दहा टक्के पाणी गेले की बहुतेक भाज्या मलूल दिसू लागतात आणि बाजारात त्यांची प्रत एकदम खाली येते. भेंडीवर हे सर्वांत स्पष्ट दिसते. संध्याकाळी तोडलेली दहा किलो भेंडी उघड्या शेडमध्ये ठेवली तर उन्हाळ्यात पहाटेपर्यंत तिचे वजन अर्ध्या किलोहून अधिक घटते. कक्षात ठेवलेल्या तेवढ्याच भेंडीची घट पाव किलोपर्यंतही जात नाही. वजनापेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे तिचे रूप. पहाटे झाकण काढून वरच्या कॅरेटमधली भेंडी हातात घेतली तर तिच्या कडांवरची बारीक लव तशीच उभी असते, देठाचा कापलेला भाग काळवंडलेला नसतो आणि टोक वाकवले की ते काडकन मोडते. शेडमधल्या भेंडीचे टोक नुसते वाकते. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात माल पाहणारा खरेदीदार हीच परीक्षा करतो आणि तिथेच भाव ठरतो.

पालेभाज्यांना होणारा फायदा याहून मोठा आहे. माठाची भाजी दिल्लीच्या उन्हाळ्यात बाहेर एक दिवसही टिकत नव्हती, ती कक्षात तीन दिवस टिकली, असे संस्थेच्या चाचण्यांत नोंदलेले आहे. मेथी आणि कोथिंबीर आपल्याकडे जुडीवर, शेकड्याच्या हिशेबाने विकली जाते, त्यामुळे तिथे वजनाचा प्रश्न थेट येत नाही. पण मलूल जुडी ही विक्रीच्या दृष्टीने अर्धी जुडीच असते. इथे एक सवय मोडावी लागते. जुड्या बांधून झाल्या की त्यांच्यावर पाणी शिंपडायची आपली जुनी रीत आहे. उघड्यावर ठेवायच्या मालाला त्याचा काही काळ उपयोग होतोही. कक्षात मात्र शिंपडलेले पाणी सुकायला वावच नसतो, ते पानांच्या बेचक्यात साचून राहते आणि जुडीचा मधला भाग पहाटेपर्यंत काळपट, चिकट होतो. भाजी कोरडी ठेवावी, ओलावा भिंतींनी पुरवावा आणि जुड्या कॅरेटमध्ये उभ्या, सैल लावाव्यात.

टोमॅटो, वांगी, काकडी आणि सीताफळ यांच्यासाठी तर मी हा कक्ष बर्फासारख्या गार खोलीपेक्षा योग्य समजतो, आणि याला ठोस आधार आहे. ही सगळी फळे उष्ण प्रदेशातली असून फार कमी तापमान त्यांना सोसत नाही. भेंडी साधारण ७ अंशांच्या खाली, काकडी आणि वांगी १० अंशांच्या खाली, तर टोमॅटो, सीताफळ आणि केळी १२-१३ अंशांच्या खाली काही दिवस राहिली की त्यांना थंडीची इजा होते. ही इजा आत असताना दिसत नाही. माल बाहेर काढल्यावर सालीवर खड्डे पडतात, डाग येतात, सीताफळाची साल काळी पडते आणि हिरवट टोमॅटोला नीट रंगच चढत नाही. सगळ्या मालासाठी एकच ४-५ अंशांची खोली चालवणाऱ्या ठिकाणी सीताफळ ठेवून पस्तावलेले बागायतदार आमच्या भागात आहेत. शीतकक्षात तापमान इतके खाली जाऊच शकत नसल्यामुळे हा धोका मुळातच राहत नाही. सीताफळाचे डोळे उघडून त्यांच्या मधल्या भागावर पिवळसर झाक आली की ते तोडतात आणि त्यानंतर चार-पाच दिवसांत ते मऊ पडते. ऑक्टोबरच्या उन्हात, हवा कोरडी झाल्यावर, कक्षामुळे या मऊ पडण्याला थोडा लगाम बसतो. तो एखाद्या दिवसाचाच असतो, पण रविवारच्या बाजारासाठी शनिवारी तोडणी करणाऱ्याला तेवढा पुरतो.

अंजिराबद्दल सविस्तर लिहायला हवे, कारण पुरंदरचे अंजीर हे भौगोलिक मानांकन मिळालेले फळ आहे आणि दिवे, सोनोरी, गुरोळी या गावांतल्या अनेक घरांचे वर्षाचे गणित त्यावर चालते. अंजिराइतके नाजूक फळ आपल्याकडे दुसरे नसावे. ते झाडावरच जवळजवळ पूर्ण पिकू द्यावे लागते. कच्चे तोडून नंतर पिकवले तर गोडी येत नाही. पिकलेल्या अंजिराची साल इतकी पातळ असते की नखाचा हलका स्पर्शही तिच्यावर रेघ उमटवतो आणि त्या रेघेतून काही तासांत बुरशी शिरते. तोडणी पहाटे होते, देठासह होते आणि देठातून निघणारा पांढरा चीक फळावर पडू नये म्हणून फळ तिरपे धरून ठेवावे लागते. पुण्याच्या बाजारासाठी माल लगेच निघतो, त्याला कक्षाची गरज पडत नाही. पण वाशीच्या फळबाजारासाठी टेम्पो संध्याकाळी भरतो, आणि सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंतचा जो काळ असतो, तोच मिठा बहराच्या अंजिराचा घातवार असतो. मिठा बहराची फळे ऐन उन्हाळ्यात तयार होतात. पत्र्याच्या शेडमध्ये दिवसभर राहिलेले अंजीर संध्याकाळी देठाजवळ सुरकुतलेले असते, तळाचे छिद्र मोठे झालेले असते आणि त्यातून रस पाझरू लागलेला असतो.

कक्षात ठेवलेल्या अंजिराची ही अवस्था होत नाही. देठ हिरवा राहतो, फळ बोटांना घट्ट लागते आणि रस पाझरण्याचे प्रमाण फारच कमी होते. मात्र इथे मी स्पष्ट इशारा देतो की, अंजिरासाठी हा कक्ष फक्त एका दिवसाच्या कामाचा आहे. ९० टक्के आर्द्रतेत आणि २५-२६ अंशांत बुरशीलाही सुखाचे दिवस येतात. दुसऱ्या दिवशी देठाजवळ पांढरट तंतू दिसू लागतात आणि एका फळाची बुरशी शेजारच्या फळावर जाते. अंजीर अनेक दिवस टिकवायचे असेल तर त्याला ० अंशाच्या जवळचे तापमान हवे, ते यंत्राशिवाय मिळत नाही. शिवाय अंजिराचे कॅरेट भिंतीला टेकता कामा नयेत. भिंतीवरचा ओलावा थेंबाच्या रूपाने फळावर आला की ते फळ गेलेच म्हणून समजावे. आम्ही कॅरेटच्या तळाशी आणि कडांना अंजिराचीच पाने लावतो, एका कॅरेटमध्ये एकच थर ठेवतो आणि भिंतीपासून चार बोटे अंतर राखतो. त्यामुळे १०० किलोच्या कक्षात अंजीर जेमतेम ३०-३५ किलो बसते, हे खर्चाचा हिशेब करताना धरले पाहिजे.

एका कक्षात सगळा माल एकत्र कोंबण्याचा मोह होतो, तो टाळावा. पिकणारी फळे इथिलीन वायू सोडतात आणि बंदिस्त जागेत तो साठतो. रंग धरलेले टोमॅटो किंवा मऊ पडू लागलेली सीताफळे कोथिंबिरीशेजारी रात्रभर ठेवली तर कोथिंबीर पिवळी पडू लागते, आणि काकडीचा हिरवा रंगही उतरतो. दोन्ही प्रकारचा माल नियमित निघत असेल तर एक मोठा कक्ष बांधण्यापेक्षा दोन लहान कक्ष बांधणे शहाणपणाचे आहे. विटा थोड्या अधिक लागतात, पण नुकसान टळते.

आता पावसाळा. जून ते सप्टेंबर हा कक्ष जवळजवळ निरुपयोगी असतो आणि हे कोणत्याही पुस्तिकेत पुरेशा ठळकपणे लिहिलेले मला आढळलेले नाही. सासवडच्या बाजारात वाटाण्याची आवक पावसाळ्यातच जोरात असते आणि वाटाणा हे फार वेगाने श्वसन करणारे पीक आहे. पोत्यात दाबून भरलेल्या वाटाण्यात तासाभराने हात घातला तर आतली ऊब सहज जाणवते. अशा मालाला दमट, वारा न फिरणाऱ्या कक्षात ठेवणे म्हणजे ती ऊब कोंडून घालणे होय. त्यापेक्षा छपराखाली, वारा खेळेल अशा ठिकाणी ताडपत्रीवर पातळ पसरलेला वाटाणा चांगला राहतो. कांदा, लसूण आणि बटाट्याचाही प्रश्न वेगळा आहे. कांद्याला कोरडी, खेळती हवा लागते, तो या कक्षात ठेवला तर त्याला कोंब आणि मुळ्या फुटतात; त्याच्यासाठी हवेशीर कांदाचाळच हवी.

ज्या प्रदेशात हवा मुळातच दमट आहे तिथेही हीच अडचण येते. कोकण आणि गोव्यातल्या बागायतदारांनी हा कक्ष बांधण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा, असे मी आवर्जून सांगेन; रत्नागिरीच्या मे महिन्यात तापमान पुरेसे असते, पण हवेत बाष्प इतके असते की थंडावा फारसा मिळत नाही. आफ्रिकेतल्या माली देशात मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या डी-लॅबने अशाच बाष्पीभवनावर चालणाऱ्या साधनांचा अभ्यास केला, आणि त्यातून निघालेल्या शिफारशी आपल्याकडेही जशाच्या तशा लागू पडतात. हवेतली आर्द्रता ४० टक्क्यांपेक्षा कमी, दिवसाचे तापमान २५ अंशांच्या वर, हाताशी पाणी आणि सावलीची, वारा असलेली जागा या चार गोष्टी जुळल्या तर साधन काम करते. मराठवाडा, विदर्भ, सोलापूर, पुणे जिल्ह्याचा पूर्व भाग आणि खानदेश या भागांत फेब्रुवारीपासून मेपर्यंत या अटी बऱ्यापैकी पूर्ण होतात. अडचण पाण्याचीच येते. ज्या दिवसांत कक्ष सर्वांत चांगला चालतो, त्याच दिवसांत विहीर तळाला गेलेली असते. कक्षाला लागणारे पाणी तसे फार नाही, उन्हाळ्यात दिवसाला दोन-तीन हंडे पुरतात; तरीही जिथे प्यायचे पाणी टँकरने येते तिथे त्या हंड्यांचा विचार करावाच लागतो. भांडी धुतलेले किंवा साबणाचे पाणी वापरू नये. क्षारयुक्त पाण्यानेही विटेवर पांढरे फुलोरे येतात आणि छिद्रे हळूहळू बुजतात. बोअरचे पाणी जड असेल तर बाहेरची भिंत वर्षातून एकदा तारेच्या ब्रशने घासून काढावी लागते.

वाळूविषयीही सांगण्यासारखे आहे. चांगली, धुतलेली नदीची वाळू आता सहज आणि स्वस्तात मिळत नाही, म्हणून अनेक जण खडी क्रशरवरची बारीक कच वापरतात. त्या कचीतली भुकटी पाण्याने तळाशी बसते, तिचा लगदा होतो आणि खालच्या अर्ध्या भागात पाणी झिरपेनासे होते. कच वापरायचीच असेल तर ती चाळून, दोन-तीन पाण्यांनी धुऊन घ्यावी. भिंत नीट काम करते आहे की नाही हे ओळखण्याची सोपी खूण म्हणजे बाहेरच्या विटांचा रंग. सगळीकडे सारखा गडद ओलसर रंग हवा. जिथे फिकट पट्टा दिसेल तिथे वाळू खचलेली किंवा कोरडी पडलेली असते आणि त्या बाजूचे कॅरेट आतूनही कोमट लागतात.

या कक्षाच्या कौतुकात एक गोष्ट झाकली जाऊ नये. मालाचे निम्मे भवितव्य तो कक्षात जाण्यापूर्वीच ठरलेले असते. लुधियानाच्या केंद्रीय काढणीपश्चात अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेच्या २०१५ सालच्या अहवालात पेरूची नासाडी १५.८८ टक्के आणि टोमॅटोची १२.४४ टक्के नोंदवलेली आहे. त्या नासाडीत काढणी, प्रतवारी, बांधणी आणि वाहतूक या टप्प्यांवर होणारे नुकसानही धरलेले आहे, आणि तिथे कोणताही शीतकक्ष उपयोगी पडत नाही. भर दुपारी तोडलेला टोमॅटो उन्हाची उष्णता पोटात घेऊनच येतो. तो कॅरेट थेट कक्षात ठेवला तर ती उष्णता बाहेर पडायला रात्र जाते आणि शेजारचा मालही कोमट होतो. म्हणून तोडणी सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर करावी, माल झाडाखाली पसरून अर्धा-पाऊण तास निवू द्यावा, फुटलेले, किडके, दबलेले नग बाजूला काढावेत आणि मगच कॅरेट आत ठेवावेत. एक फुटका टोमॅटो कक्षातल्या उबदार ओलाव्यात बाकीच्या वीस किलोंना बाधतो. कॅरेट काठोकाठ भरून एकावर एक रचले की वरच्या कॅरेटचे वजन खालच्या फळांवर येते. ती फळे त्या दिवशी ठीक दिसतात आणि तिसऱ्या दिवशी ग्राहकाच्या घरी मऊ पडतात. शेतकऱ्याजवळ पाच हजार रुपये असतील आणि तो अजून गोणीत टोमॅटो भरत असेल, तर त्याने आधी प्लास्टिकचे कॅरेट घ्यावेत आणि कक्षाचा विचार पुढच्या वर्षी करावा, असा माझा स्पष्ट सल्ला आहे.

शीतगृहाशी तुलना करायचीच तर ती सोय आणि प्रमाण यांच्या अंगाने करावी. भाड्याच्या शीतगृहात जागा घ्यायची म्हणजे माल तिथवर न्यायचा, चढ-उतारीची हमाली द्यायची, किमान भाडे भरायचे आणि परत बाजारात न्यायचा. पाच-सहा टन डाळिंब किंवा द्राक्षे असणाऱ्याला ते परवडते. रोज ६०-७० किलो भेंडी आणि शंभर-दोनशे जुड्या काढणाऱ्या अल्पभूधारकाला ते कधीच परवडणार नाही. शिवाय थंड खोलीतून काढलेला माल उघड्या टेम्पोत उन्हात निघाला की त्याच्यावर दव जमते आणि तो पूर्वीपेक्षा वेगाने खराब होतो. गावापासून ग्राहकापर्यंत सलग थंड वाहतूक नसेल तर शीतगृहाचा निम्मा लाभ रस्त्यातच जातो. कक्षातल्या आणि पहाटेच्या बाहेरच्या तापमानात फारसे अंतर नसते, त्यामुळे ही अडचण येत नाही. वांकानेरच्या मनसुखभाई प्रजापती यांनी तयार केलेला मिट्टीकूल हा मातीचा फ्रीजही याच तत्त्वावर चालतो आणि घरातल्या चार माणसांच्या भाजीसाठी तो उत्तम आहे, पण त्याचा आकार शेतकऱ्याच्या विक्रीच्या मालाला पुरणारा नाही.

कक्षाचे उणेपणही नोंदवतो. ओलाव्यामुळे गोगलगाई येतात आणि एका रात्रीत मेथीची पाने कुरतडतात. पायाभोवती चुन्याची किंवा कोरड्या राखेची पट्टी ओढावी लागते आणि ती पाण्याने भिजली की पुन्हा ओढावी लागते. पाचटाच्या झाकणाखाली उंदीर घर करतात, म्हणून झाकणाला खालून बारीक जाळी हवी. कक्ष महिन्यातून एकदा पूर्ण रिकामा करून, ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुऊन, दिवसभर उघडा ठेवला नाही तर भिंतींना कुबट वास येतो आणि तो वास कोथिंबिरीला लागतो. झाकण वारंवार उघडले की आतली गार हवा निघून जाते, त्यामुळे थोडा थोडा माल दिवसभर काढणाऱ्या किरकोळ विक्रेत्याला त्याचा लाभ कमी मिळतो. आणि सर्वांत मोठी उणीव ही की, पाण्याचे काम एक दिवसही चुकवून चालत नाही. घरातले सगळे लग्नकार्याला गेले आणि वाळू सुकली की पूर्ण भिंत पुन्हा ओलावायला दोन दिवस लागतात. टाकी आणि ठिबकची नळी जोडली की ही कटकट बरीच कमी होते, म्हणून तो खर्च मी ऐच्छिक मानत नाही, बांधकामाचाच भाग मानतो.

ज्याची जमीन कोरड्या पट्ट्यात आहे, ज्याचा रोजचा माल एक क्विंटलच्या आत आहे, ज्याचा बाजार दुसऱ्या दिवशी सकाळी भरतो आणि ज्याच्या घरी सकाळ-संध्याकाळ कोणी ना कोणी असते, त्याने हा कक्ष अवश्य बांधावा. बांधताना जागा विहिरीजवळ, झाडाच्या सावलीत आणि टेम्पो उभा राहतो तिथून जवळ निवडावी. पहाटेच्या अंधारात बांधावरून भरलेले कॅरेट वाहताना जो माल दबतो, तो वाचवण्यासाठी हे जवळपण फार उपयोगी पडते. अधिक क्षमता हवी असल्यास कक्षाची लांबी वाढवावी, रुंदी मात्र ११५ सेंटिमीटरच ठेवावी. त्याहून रुंद कक्षात मधल्या रांगेतले कॅरेट ओल्या भिंतींपासून दूर पडून कोमट राहतात आणि ते बाहेर काढायला माणसाला आत वाकून पुढच्या कॅरेटवर हात टेकावा लागतो. उंचीही वाढवू नये. दोन कॅरेट एकावर एक बसले की पुरे.